लॉजवरची खोली

शनिवारी दुकानाचं शटर अर्धं वर असतानाच हे म्हणाले, "चल, अंबाजोगाईला जाऊ. लॉजवर राहू, उद्या संध्याकाळी परत येऊ."

युसूफ वडगाव या आमच्या गावात आमचं किराणा दुकान आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दुकान बंद ठेवलं ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर मयतीला. एकदम काय सुचलं, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांचा बेत बदलला असता. गॅस बंद केला, एका पिशवीत चार कपडे कोंबले आणि मोटारसायकलवर बसले. खरं सांगते, मला अंबाजोगाई बघायची नव्हती. मला दोन दिवस स्वयंपाक करायचा नव्हता. बाकी काही नको होतं.

लॉजवर पिशवी टाकून आम्ही स्टँडजवळच्या गाड्यावर सुशीला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर शेव, बाजूला तळलेली मिरची. मीठ जरा जास्तच होतं. पण दुसऱ्या कुणीतरी केलेला होता, म्हणून मी दोन प्लेटा खाल्ल्या. योगेश्वरीचं दर्शन घेऊन हत्तीखान्याच्या लेण्यांत गेलो. तिथल्या खांबाच्या सावलीत टेकले ती मला उठवेचना.

"पुढचं बघायचं न्हाई का?" हे म्हणाले.

"तुम्ही बघून या. मी इथंच बरी आहे."

त्यांनी दगडी हत्तींसोबत स्वतःचा फोटो काढला आणि तिथल्या तिथं स्टेटसला टाकला. मी पाहिलं असतं तर फोन हिसकावून घेतला असता. कारण माझी नणंद अंबाजोगाईतच दिलेली आहे. आमच्या लोकांत बहिणीच्या गावात भाऊ लॉजवर उतरला, तर भावाबहिणीचं फाटलं असंच धरतात. हे त्यांनाही माहीत होतं, पण फोटो काढताना माणसाला काही आठवत नाही. दहा मिनिटांत फोन आला.

"दादा, माझं काय चुकलं? कावून लॉजवर उतरलात?" नणंद रडत होती.

"आत्ता येतो," हे म्हणाले. माझ्याकडं बघायची त्यांची छाती झाली नाही.

नणंदेच्या घरी पोचलो तेव्हा तिचे सासूसासरे, नवरा, दोन पोरं आणि आता आम्ही, अशा सगळ्यांसाठी पुरण शिजत होतं. "वैनी, तुमी बसा," ती म्हणाली. कशी बसणार? पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली. मला इतका राग आला होता की तो सगळा त्या कणकेवर निघाला. शेवटी न राहवून बोलून गेले, "ताई, राग मानू नका. मी यातूनच सुटायला आले होते."

मला वाटलं, आता परत रडेल. पण ती हळूच म्हणाली, "खोलीत पंखा हाय का?"

"एसी आहे."

तिनं गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत जाऊन म्हणाली, "दादा, लॉजवर पिशवी राहिली म्हणं. आमी दोघी रिक्षानं जाऊन आणतो." कुणी काही बोलायच्या आत आम्ही चपला घातल्या होत्या.

खोलीत शिरल्या शिरल्या ती पलंगावर आडवी झाली. तिच्या टाचा माझ्यासारख्याच भेगाळलेल्या होत्या. छताकडं बघत म्हणाली, "माहेरी आले की मी अशीच पडते, वैनी. तवा तुमी कुठं असता?"

"गॅसपुढं."

"व्हय," ती म्हणाली. माझ्यासाठी भिंतीकडं सरकली आणि झोपून गेली.

दिवेलागणीला यांचा फोन आला. "कुठं हायत तुमी? सगळे जेवायचे थांबलेत."

"तुमची बहीण झोपलीय. उठवू का?"

ते म्हणाले, "नको, नको. दमली असंल. झोपू दे तिला."

माझं त्यांनी विचारलं नाही. मी न विचारताच झोपले.