बाबांच्या बोटाला झेपेल असं रिव्हॉल्वर

बाबांचा शस्त्रपरवाना आला तेव्हा त्यांची पोलीस पाटीलकी सुटून दोन वर्षं झाली होती. अर्ज केला होता नऊ वर्षांपूर्वी. तेवढ्या काळात आमच्या गावाला डांबरी रस्ता आला, मोबाईलचा टॉवर आला, ज्यांच्या भीतीने अर्ज केला होता ते जंगलातले बंदूकवाले दिसेनासे झाले आणि मग सावकाश परवाना आला. मी म्हटलं, फ्रेम करून भिंतीला लावा आणि विषय संपवा. बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी आणखी एका पिशवीत घातली आणि मला विचारलं, "तुले शाळेले सुट्टी कधी हाये?"

मी मुलचेऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवते. घरात शिकलेली मी एकटी. त्यामुळे पाण्याची मोटर घ्यायची असो की रिव्हॉल्वर, पारख मी करायची असं आमच्याकडे ठरूनच गेलं आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी चार रात्री मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मुद्दे काढले.

त्यांना ते का हवं होतं ते मला माहीत होतं. दहा वर्षांपूर्वी धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत भर दुपारी तिघे जण बंदुका घेऊन आमच्या अंगणात आले. बाबा आतल्या खोलीत होते. आवाज ऐकला आणि ते धानाच्या ढोलीत शिरले. ढोली म्हणजे शेणाने सारवलेली बांबूची मोठी कणगी, माणूस बसला तर दिसत नाही. आई हातात सूप घेऊन दारात उभी राहिली. "पाटील कुठी हाये?" एकाने विचारलं. "लगनाले गेले," आई म्हणाली. दारातून हलली मात्र नाही. त्यांनी पाणी मागितलं, ते तिने मला आणायला लावलं. ते पाणी प्यायले आणि गेले. त्यानंतरही बाबा तासभर ढोलीतच होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत कुसं अडकली होती. आईने पदराने त्यांचं डोकं झटकलं आणि जेवायला वाढलं. त्या दुपारबद्दल आमच्या घरात नंतर कोणी एक शब्द काढला नाही. आठ महिन्यांनी बाबांनी अर्ज केला.

माझं स्पष्ट मत आहे की ते लपले हेच शहाणपण केलं. पण हे मी त्यांना कधी म्हणू शकले नाही. म्हटलं असतं तर ते लपले होते हे मला ठाऊक आहे, असंही म्हटल्यासारखं झालं असतं.

चंद्रपूरला आम्ही तिघेही गेलो. आईला महाकालीचं दर्शन घ्यायचं होतं. ते उरकून आम्ही बाजारातल्या एका लहानशा बंदुकीच्या दुकानात शिरलो. दुकान एका वयस्क उस्तादांचं. त्यांचे वडील गावोगावच्या भरमार बंदुका, म्हणजे तोंडाकडून बार भरायच्या जुन्या बंदुका, दुरुस्त करायचे. उस्तादांनी परवाना चष्मा वर करून वाचला. माझ्या सुट्ट्या जुळेपर्यंत खरेदीची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि तीही संपायला बारा दिवस उरले होते. ज्या कारखान्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या मालासाठी महिनोन्महिने थांबावं लागणार होतं.

"दोन नवीन कंपन्यायचे नग हायेत," उस्ताद म्हणाले. "नाव कोनी आयकलं नाई. पन नावावर जाऊ नका, पाटील. हातात घेऊन पाहा."

मी वही उघडली. उस्तादांनी ती माझ्या हातून घेतली, वाचली आणि हसू दाबत परत दिली. "मास्तरीनबाई, हे सगळं बराबर हाये. पन वहीतून लोखंड नाई समजत." मग त्यांनी मला शिकवलं, आणि खरं सांगते, फार चांगलं शिकवलं. रिव्हॉल्वर रिकामं करून त्यांनी घोडा, म्हणजे गोळीवर आदळणारा मागचा खटका, मागे चढवला आणि गोळ्यांची चक्री बोटांनी हलवून दाखवली. चांगल्या नगाची चक्री त्या वेळी जागची हलत नाही. चक्री आणि नळी यांच्यामधली फट कुठूनही सारखी दिसली पाहिजे. स्क्रूच्या खाचा आधीच खरवडलेल्या असतील तर समजायचं, कोणीतरी उघडून काहीतरी लपवलंय. आणि अनोळखी कंपनीचा माल घेताना पहिला प्रश्न एकच, सुटा भाग मोडला तर कोण देणार?

दोन्हींतला पहिला नग या सगळ्या परीक्षांत पास झाला. मी तर खूश. वहीत टिक केली. उस्तादांनी त्यात खोट्या गोळ्या भरल्या आणि तो बाबांच्या हातात दिला.

बाबांची उजव्या हाताची बोटं चार वर्षांपासून सांधेवाताने आखडली आहेत. घास घेता येतो, सही करता येते. आम्ही तिकडे लक्ष देत नव्हतो आणि माझ्या वहीत बोटांचा मुद्दाच नव्हता. बाबांनी भिंतीकडे नेम धरला आणि चाप ओढला. चाप हलला नाही. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा ओढला. मानेची शीर वर आली, चाप तिथेच.

"आधी अंगठ्यानं घोडा मांगं ओढा," उस्ताद हळूच म्हणाले. "मंग चाप नरम होते."

अंगठा दोनदा घसरला. मी म्हटलं, "बाबा, डाव्या हातानं पाहा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वहीत डोकं घातलं. स्वतःचा इतका राग आला की वही फाडून टाकावीशी वाटली.

मग बाबांनी दुसरा नग उचलला. चाप सहज आला आणि घोडा टक्कन पडला. पुन्हा टक्. बाबांचा चेहरा उजळला. "हे पाहा," ते आईला म्हणाले.

उस्तादांनी मान हलवली. "पाटील, तो हलका माल हाये."

आता आमच्याकडे हलकं म्हणजे वाईट नव्हे. धानाचे हलके आणि भारी असे वाण असतात. भारी धान उशिरा निघतं, तोवर पाणी पुरलं तर पुरलं. हलकं धान लवकर हाती येतं. बाबा जन्मभर हलकं धानच लावत आले. "हलकाच पायजे," ते ठामपणे म्हणाले. "लवकर हाती येते."

"तसं नाई जी. स्प्रिंग नरम हाये याची. घोडा पडते, पन जोर नाई. गोळी कधी फुटन, कधी नाई फुटन. मी वापसच पाठवून राह्यलो होतो."

"मग स्प्रिंग घट्ट करून द्या," मी म्हटलं.

"घट्ट केली का चापबी घट्ट." उस्तादांनी दोन्ही हात उघडले.

बाबांना त्या हलक्याचा अर्थ खरंच कळला नाही की कळून त्यांनी धानात ढकलला, हे मला अजून सांगता येत नाही. ते दुसरा नग खाली ठेवेनात. मी चिडले. म्हटलं, "काऊन घेता मंग? न फुटनारी बंदूक कोनाले पायजे? मंदिरातली घंटा बरी, ती वाजते तरी!" हे बोलायला नको होतं. बाबा खाली पाहायला लागले.

तेव्हा आईने पदर खोचला आणि काउंटरवरचा पहिला, चांगला नग उचलला. "पाहू," ती म्हणाली. तिने तो दोन्ही हातांत धरला. चाळीस पावसाळे धानाची रोवणी केलेले हात आहेत ते. तिचं बोट चापावर गेलं आणि चाप मागे यायला लागला. घोडा उठताना मी पाहिला, उस्तादांनी पाहिला. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढे गेला. बाबा अजून खालीच पाहत होते. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बोट सावकाश सैल सोडलं. घोडा आवाज न करता जागेवर बसला.

"नाई बाप्पा," ती म्हणाली. "मलेबी नाई दाबत. लय कडक हाये हा."

बाबांनी मान वर केली. "पाहा," ते मला म्हणाले. "तुह्या मायलेबी नाई दाबत."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली मी, पारख करायला आणलेली मी. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी वही बंद करून पिशवीत टाकली. उस्तादांनी परवान्यावर दुसऱ्या नगाची नोंद करायला पेन उघडलं आणि नोंद करता करता दोनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "पाटील, दसऱ्याले घेऊन या, मी साफ करून देतो." त्यांच्याही हातात तेवढंच होतं.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघे एका बाकावर बसलो. बाबांच्या मांडीवर पिशवी होती आणि तिच्यावर दोन्ही हात. मूल गाव मागे पडलं, जंगल सुरू झालं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मग आईकडे न पाहता म्हणाले, "आता कोनी आलं त तू मांगं राह्यजो. दारात मी उभा राहीन."

दहा वर्षांत त्या दुपारबद्दल कोणी बोललं ते हे पहिलं.

"हो जी," आई म्हणाली. "मांगंच राहीन."

आणि तिने त्यांची पिशवी नीट सरळ करून दिली.