माझ्या अंगात आलेली देवी

पहिल्या बाळंतपणानंतर माझं अंग असं सुटलं, की लग्नातली पोलकी दंडावर चढेनात. सासूबाई खूश. "आता कशी भरल्या घरची दिसते!" म्हणायच्या. मला मात्र विहिरीवरून घागर आणली की धाप लागायची. नागपूरच्या बहिणीला पत्रात रडगाणं लिहिलं, तर तिनं एक पुस्तक धाडलं. गाण्याच्या तालावर करायचा बायकांचा व्यायाम. पानोपानी चित्रं. आठ मोजेपर्यंत दोन पावलं डावीकडे, हात वर, गिरकी, टाळी. सरळ सांगायचं तर नाचच.

आणि अनसिंगात, सत्तरच्या दशकात, सुनेनं नाचायचं? आमच्या घरी डोक्यावरचा पदर घसरला तरी सासूबाई खाकरायच्या.

म्हणून हा उद्योग चाले दुपारी. हे कचेरीत, सासूबाई वावरात, लेकरू झोळीत. मधल्या खोलीचं दार लोटायचं, पदर खोचायचा, रेडिओवर गाणी लागली की सुरू. जोडीला शेजारची पोरगी. बाप लहानपणीच गेलेला, आईची एकुलती एक, नुकतीच मॅट्रिक झालेली. पुस्तक हातात धरून ती मला शिकवायची. "डावा पाय, वहिनी, डावा! बैलबी तुमच्याहून लवकर शिकते!" मग आम्ही दोघी खाली बसून पोट दुखेपर्यंत हसायचो.

अकोल्याच्या नर्सच्या ट्रेनिंगचा तिचा अर्ज मीच भरून दिला होता. बोलावणं आलं. दसऱ्यानंतर हजर व्हायचं होतं. पण तिची आई, आमची शेजारची काकू, काही केल्या हो म्हणेना. जवान पोर परगावी एकटी कशी ठेवायची? पोरगी रोज रडायची, मी रोज काकूला समजवायची. काकू ऐकून घ्यायची, अन् "पाहू" म्हणायची.

नवरात्रातला शुक्रवार होता. पोरगी जऊळक्याला मामाकडे गेलेली. मी न्हाऊन केस मोकळे सोडले होते. रेडिओ लावला, तर सेल मेलेले. म्हटलं, आपणच मोजू. मोजता मोजता दम लागला, आकडे संपले, नुसतं हूं, हूं, हूं राहिलं. कुंकू घामानं नाकावर ओघळलेलं. गिरकी घेतली आणि पाहते तर दार सताड उघडं. काकू विरजण मागायला आली होती. तिच्या मागे वावरातून लवकर परतलेल्या सासूबाई.

मेले, म्हटलं. आता माहेरी रवानगी.

तर काकूनं तिथंच जमिनीवर लोटांगण घातलं. "माय वं! देवी आली!" सासूबाईंच्या काखेतला भाजीचा गठ्ठा खाली पडला आणि त्या हळदकुंकवाला धावल्या.

"अहो, व्यायाम करून राह्यली," एवढंच म्हणायचं होतं. पण मग पाणवठ्यावर बोभाटा झाला असता, लेकराची माय होऊन नाचत होती म्हणून. देवीला मात्र कोण बोलणार? काकूच्या ह्याच पोरीला मी शहाणपण शिकवायची, की अंगात-बिंगात काही येत नसतं, सगळं ढोंग. त्या मीच डोळे मिटले आणि डोलायला लागले. हो, डोलायला लागले. थू माझ्या जिंदगानीवर!

काकूनं माझे पाय घट्ट धरले. "माय, माही एकच लेक. तिले अकोल्याले धाडू का नको? तू म्हनशीन तसं करतो."

'धाड.' एवढा एक शब्द. ओठावर आला होता. महिनाभर घसा कोरडा करून जे जमलं नव्हतं, ते एका शब्दात होणार होतं. पण तोंड उघडलं तर आवाज माझाच निघेल, आणि सासूबाई ओळखतील! मी दात आवळून धरले. काकूनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मी डोलत राहिले.

"बोलत नाई," सासूबाई म्हणाल्या. "देवीचा कौल नाई, बाई."

"मंग नाई धाडत," काकू म्हणाली, आणि माझ्या पायावर डोकं टेकवून उठली.

दोन दिवसांनी पोरगी जऊळक्याहून आली, आईकडून सगळं ऐकलं आणि थेट आमच्या चुलीपाशी आली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. एकेक पाऊल तिनंच शिकवलेलं, तिला काय कळत नव्हतं? पण डोळ्यांत राग नव्हता. आस होती.

"वहिनी, खरंच आली व्हती का देवी?"

सासूबाईंचा हात सुपात थांबला. मी 'नाही' म्हटलं असतं, तर ती तशीच पळत जाऊन आईला घेऊन आली असती.

"आली होती," मी म्हणाले.

ती मग "बरं" म्हणाली आणि गेली. पुन्हा आमच्या घरी आली नाही.

हजर व्हायची तारीख निघून गेली. मला मात्र चांगले दिवस आले. सासूबाई शेणाला हात लावू देईनात. शुक्रवारी बाया नारळ घेऊन येत, पाया पडत. मी पडू देत होते.

माघात मामानं तिचं लग्न जमवलं. काकू आमंत्रणाला आली आणि हटूनच बसली, पहिली हळद माझ्याच हातची पाहिजे, देवीचा हात आहे म्हणून. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? गेले. मांडवात पोरगी पाटावर बसली होती, मैत्रिणींशी बोलत होती. मी समोर आले तशी तिनं डोळे मिटले. मी दोन्ही गालांना हळद लावली, हातांना लावली, पायांना लावली. डोळे मिटलेलेच. माझ्यामागून दुसरी सवाशीण पुढे झाली, तेव्हा तिनं ते उघडले.