मागची सीट मला नको

शोरूमच्या काचेच्या दारातून आम्ही आत गेलो, तसा टाय लावलेला विक्रेता लगबगीने पुढे आला आणि त्याने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. मागचं दार. माझ्या मुलासाठी पुढचं, स्टेअरिंगचं. कोणी कुठे बसायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याला ते ठाऊक होतं. साठी ओलांडलेली बाई, अंगावर सुती साडी, पायात साध्या चपला. मला बघून कोणाच्या मनात पुढचं दार येणार नाही हे मला कळतं. कळतं म्हणजे पटतं असं नाही.

मी बसले. त्याने कुठलंसं बटण दाबलं तशी सीट मागे कलली, पायांखाली पाट वर आला, खिडक्यांवर पडदे चढले आणि पाठीत आतून कोणीतरी हळूहळू बुक्क्या मारायला लागलं. मसाज आहे, तो म्हणाला. ज्या वयात माझ्या पाठीला मसाज हवा होता त्या वयात मी बटाट्याची पोती उतरवत होते. मुलगा पुढच्या सीटवरून वळून बघत होता. लहानपणी निकालाचा कागद दाखवताना असायचा तसा त्याचा चेहरा झाला होता. हे खास तुझ्यासाठी, तो म्हणाला. मी पडदा खाली केला आणि बाहेर बघत बसले.

माझ्या मुलाबद्दल गैरसमज नको. गुणी आहे तो. बंदराकडे कंटेनर वाहतुकीचा धंदा त्याने स्वतःच्या हिमतीवर उभा केला, नेरूळला उंच इमारतीत घर घेतलं आणि मला करावे गावातून तिथे आणलं. पण गेल्या वर्षी सोसायटीच्या गेटच्या खांबाला माझ्या छोट्या गाडीचा आरसा लागून तुटला. खांबाला ओरखडा आला, बाकी कोणाचं काही बिघडलं नाही. मुलगा सर्व्हिसिंगला म्हणून गाडी घेऊन गेला, ती परत आलीच नाही. मधल्या काळात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता समोरच्या टॉवरमध्ये वाळत घातलेल्या चादरीची नक्षीसुद्धा मला दिसते. तरी विषय काढला की तो म्हणायचा, बघू. आणि आता ही लांबलचक गाडी येणार होती, तिच्याबरोबर पगारी ड्रायव्हर. ही मागची सीट एकदा घरात आली की माझे हात पुन्हा स्टेअरिंगला लागणार नव्हते. सगळ्यांना वाटत होतं, आज गाडी ठरणार आहे. प्रत्यक्षात मी ठरणार होते.

नवरा आजारी पडला तेव्हा आमचा टेम्पो दारात उभा राहिला, आणि उभ्या टेम्पोने कोणाचं पोट भरत नाही. खाडीकाठच्या मोकळ्या जागेत त्याने शेजारी बसून मला चालवायला शिकवलं, खोकत खोकत आणि शिव्या देत. मग कित्येक वर्षं पहाटे एपीएमसी मार्केटमधून भाजी उचलायची आणि हॉटेलांना पोचवायची, हे काम मी केलं. तो गेला, दिवस झाले, आणि दुसऱ्या पहाटे मी टेम्पो बाहेर काढला. गाव बोललं. मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेले. त्यामुळे कोणी मला आता आराम करा म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

गाडीचे व्हेरियंट तीन होते. विक्रेत्याने ते मुलाला समजावले, मी मागे बसून ऐकले. सगळ्यात साधं मऊ. मधलं, ज्यात मी बसले होते, ते मागे बसणाऱ्यांसाठी, म्हणून त्यातच पडदे आणि बुक्क्या. आणि तिसरं स्पोर्ट. गाडी तीच, तेवढीच लांब, पण जमिनीला जवळ, टायर रुंद, चालवणाऱ्याची सीट दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी, स्टेअरिंगच्या मागे गिअर बदलायचे दोन कान, आणि मागे बसणाऱ्यासाठी खास काही नाही. ते मॅडमना कडक वाटेल, विक्रेता मुलाला म्हणाला. मी चार फुटांवर बसले होते, पण मला काय वाटेल ते तो मुलाला सांगत होता.

मी उतरले आणि म्हटलं, कडकच दाखवा.

टेस्ट ड्राइव्हसाठी लायसन्स लागतं. मुलाने खिशातून पाकीट काढायच्या आत मी माझं लायसन्स टेबलावर ठेवलं. विक्रेत्याने मुलाकडे बघितलं, मुलाने छताकडे. नाही म्हणायची त्याची सोय नव्हती, कारण आपली आई कशी टेम्पो चालवायची हे त्याने दहा मिनिटांपूर्वीच त्या माणसाला कौतुकाने सांगितलं होतं. कौतुक करताना पुढचा विचार करावा.

डेमोची गाडी पांढरी होती आणि तिच्या दोन्ही दारांवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत टेस्ट ड्राइव्ह लिहिलेलं होतं. चालवणाऱ्याच्या दारावर आतून तीन बटणं होती. विक्रेत्याने एक नंबर दाबला तशी सीट इतकी मागे गेली की माझे पाय अधांतरी. एक नंबरवर त्याचं माप होतं म्हणे. तीन माणसांची मापं लक्षात राहतात, बटण दाबलं की सीट, आरसे, सगळं आपापल्या जागी येतं. मुलगा मागून म्हणाला, मस्त, म्हणजे एकवर मी आणि दोनवर ड्रायव्हर. हिशेब संपला. मी सीट पुढे घेतली, वर घेतली, आरसे माझ्या डोळ्यांना लावले.

पाम बीच रोडला ती गाडी कशी धावली हे मी सांगत बसणार नाही. पाय जरा टेकवला की ती निघायची, एवढंच. पण मला आवडला तो तिचा कडकपणा. टेम्पोत भरलेल्या मालाने जागा बदलली की ते आधी सीटला कळायचं, मग मला. ही तशीच होती. टायरखाली काय आहे ते लपवत नव्हती. मधल्या व्हेरियंटमध्ये तुम्हाला रस्ता कळू नये म्हणून खर्च केला आहे, यात कळावा म्हणून. विक्रेत्याचा ठरलेला मार्ग तिथून वळसा घालून परत यायचा होता. मी वळले नाही. गाडी आमच्या गावदेवीच्या वळणातून निघते का, हे बघितल्याशिवाय मी होकार देणार नाही, असं सांगून सरळ करावेकडे घेतली.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. पूर्वी आमच्याकडे होड्या होत्या. नवी होडी खाडीत उतरवली की पहिलं कुंकू मालकाला नाही, सुकाणू धरणाऱ्याला. आणि ज्याला ओवाळलं त्याच्या हातातून पुढच्या नारळी पुनवेपर्यंत सुकाणू काढून घ्यायचं नाही. काढलं तर अपशकुन. होड्या गेल्या, टेम्पो आला, मोटारसायकली आल्या, पण रीत तशीच राहिली. नवी गाडी आधी गावदेवीपुढे येते आणि चालवत आणणाऱ्याला ओवाळतात. आमच्या टेम्पोच्या वेळी नवऱ्याला ओवाळलं होतं.

देवळाचं वळण अरुंद आहे. टेम्पो तिथे नेहमी एकदा मागे घ्यावा लागायचा, आणि ही तर त्याच्याहून लांब. मी दोन्ही आरसे बघत तिला हळूहळू आत घातली. मागची चाकंही थोडी वळतात, असं विक्रेता सांगत होता. आधी मला ती बढाई वाटली होती, पण खरं निघालं. भिंतीला वीतभर जागा ठेवून गाडी एका दमात बाहेर आली. मी इतकी खूश झाले की देवळासमोर थांबले, आणि तिथेच सगळं घडलं.

माझी थोरली जाऊ देवळाला लागूनच राहते. मुलगा गाडी घेणार ही बातमी गावात कधीच पोचली होती. तिने ओट्यावरून बघितलं, पांढरी लांब गाडी, आत आपला पुतण्या. बस. दारावरच्या इंग्रजी अक्षरांशी तिला काय करायचं होतं. हल्ली लोक गाड्यांवर वाट्टेल ते लिहितात. मी काच खाली करेपर्यंत चार बायका ताट घेऊन निघाल्या होत्या. चाकांखाली लिंबं गेली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आलं, आणि कोणाच्या तरी दारातला झेंडू तोडून आरशाला अडकवला गेला.

विक्रेता माझ्या शेजारी बसल्या बसल्या पांढरा पडला. ही शोरूमची गाडी आहे, तो पुटपुटला. मुलगा मागून म्हणाला, आई, सांग त्यांना. मी एका वाक्यात सांगू शकले असते. सांगितलं नाही. का नाही, तर मला सांगायचं नव्हतं.

मी खाली उतरले. जाऊ ताट घेऊन समोर आली.

"गारी कोनी चालवत आनली गो?"

"मी आणली."

तिने अंगठा कुंकवात बुडवला, वर उचलला आणि तो मध्येच थांबला. माझ्या कपाळाला नवरा गेल्यापासून कोणी कुंकू लावलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही, बोलावलं तरी ताट माझ्यापुढून सरकतं. इतकी वर्षं मी ते बघून न बघितल्यासारखं केलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हळूच सुचवलं, पोराला लाव, तो पन हाय की गारीत. मुलगा तोवर गाडीतून उतरून उभा होता. मला राग आला. इतका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि तेही मी पुसलं नाही.

"लाव," मी जावेला म्हटलं. "सुकाणू माझ्या हातात होतं."

ती माझ्याहून मोठी, सगळ्या रीती पाळणारी बाई. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "कुकू बाईला नाय लावत मी. सुकानाला लावतंय." आणि माझ्या कपाळावर अंगठा असा दाबला की अजून आठवतो. मग तिने मला ओवाळलं, मुलाच्या हातात नारळ दिला आणि तो त्याच्याकडून चाकापुढे फोडून घेतला. विक्रेता मूळचा साताऱ्याकडचा. त्याने बूट काढले, देवीला हात जोडले, खोबरं खाल्लं, आणि मग फोन लावून हळू आवाजात साहेबांना सांगितलं की, सर, गाडीची पूजा झाली.

परतीच्या वाटेवरही मीच चालवली. पाम बीच रोडला लागलो. मग मागून मुलगा म्हणाला की, तू त्यांना थांबवायला हवं होतंस. मी म्हटलं, हो, हवं होतं. पुढच्या सिग्नलला तो पुन्हा बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज लहान झाला होता.

"आई, त्या खांबाच्या जागी माणूस असता तर? तुला काही झालं तर मी काय करू?"

मला त्याची भीती कळत होती. बाप गेलेल्या मुलाला ती असणारच.

"आणि काही न होताच मी मागे बसून राहिले तर?" मी म्हटलं. "मग मी काय करू?"

सिग्नल सुटला. मी गाडी पुढे काढली. पुढच्या आठवड्यात तो डोळे तपासून घे म्हणाला, मी घेतले. सोसायटीच्या गेटमधून त्याच्यासमोर आत-बाहेर करून दाखव म्हणाला, तेही मी शेजाऱ्याची गाडी मागून आणून केलं. या दोन्ही गोष्टी मला पटल्या होत्या. न विचारता किल्ली उचलून नेणं तेवढं पटलं नव्हतं, आणि ते मी त्याला तसंच तोंडावर सांगितलं.

गाडी आली ती स्पोर्टच, पांढरी. थोरली जाऊ शोरूममध्ये हजर होती. तिचं म्हणणं, पूजा झालेली गाडी वेगळी आणि ही वेगळी असं देवीला सांगायला कोणीतरी लागेल, आणि ती सांगणार नाही; म्हणजे पुनवेपर्यंत सुकाणू माझ्याच हातात. बोलता बोलता ती शेजारच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा, नऊवारी सावरून. तोच विक्रेता किल्ली घेऊन आला. या वेळी तो दोन्ही दारांच्या मध्ये उभा राहिला, एकही दार न उघडता. बटणांवर कोणाकोणाची मापं ठेवायची, त्याने विचारलं.

"एकवर आई," मुलगा म्हणाला.

मी बसले. सीट पुढे घेतली, वर घेतली, आरसे लावले, आणि विक्रेत्याने एक नंबर दाबून धरला. दोनवर मुलाचं माप ठेवलं. तीनवर कोण, त्याने विचारलं. ड्रायव्हरसाठी आता तेवढीच जागा उरली होती. मुलगा थोडा वेळ त्या बटणाकडे बघत राहिला.

"तीन राहू दे रिकामं," तो म्हणाला.

मग त्याने स्वतःच्या हाताने मागचं दार उघडलं आणि आत बसला. या व्हेरियंटमध्ये मागे पडदे नाहीत. मधल्या आरशात तो मला नीट दिसत होता.