पाच तोंडांनी एकच प्रश्न

कवळीकाकांना दोनच गोष्टी बऱ्या जमत. एक म्हणजे दुसऱ्यांचे दात बनवणं आणि दुसरी म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. पहिलीचे पैसे मिळत, दुसरी ते फुकट करत. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, काका त्यात प्लास्टर ओतून जबडे काढायचे, मेणात दात बसवायचे आणि खालची ओळ वरच्या ओळीला नीट टेकते का, ते दहादा उघडझाप करून बघायचे. त्यांचं खरं नाव बिलावर छापलेलं होतं, पण ते वाचतंय कोण.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. फोनवर दोघांची गाडी पुढे सरकत नसे. "काय चाललंय?" "काही नाही." "बरं." की संपलं. पण ती एक ऑनलाइन खेळ खेळायची. दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा जणांची टोळी घेऊन कुठल्याशा किल्ल्यात राक्षस मारायला जायची, आणि टोळीची म्होरकी तीच. काकांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी खातं उघडलं आणि टोळीत शिरले. पहिल्या महिन्यात त्यांनी राक्षसापेक्षा आपल्याच माणसांना जास्त मारलं. पण खेळता खेळता लेक पडद्यावर लिहायची, थट्टा करायची, त्यांना झापायची. आठवड्यातला तो एक तास काकांना पुरत असे.

मग टोळीतली चार माणसं गळली. दहा जण नसतील तर किल्ल्याचं दारच उघडत नाही. "बाबा, बंद करते हे सगळं," लेक म्हणाली. म्हणजे काकांचा तो एक तासही जाणार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की आपले चार मित्र यायला तयार आहेत.

मित्र कुठले डोंबलाचे. काकांनी आणखी चार खाती काढली, पडद्यावर पाच खिडक्या मांडल्या आणि एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो चालू असला की एका कळीवर पाचही गडी एकदम तेच करणार. अख्खी कवळी एकदम हलते, त्यात आपण रोज वाकबगार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. बोलताना मात्र प्रोग्रॅम बंद करायचा आणि एकेकाच्या खिडकीत जाऊन वेगवेगळं लिहायचं. धनुर्धारी फक्त 'हं' म्हणायचा. भालेवाला वाक्य अर्धवट सोडायचा. ढालवाला उगाच हसायचा. आणि सगळ्यांचं औषधपाणी करणारी माई प्रत्येक वाक्यात 'गं' घालायची. माई काकांना स्वतःपेक्षा शहाणी वाटायची, आणि ती होतीही.

बायको एकदा दारात उभी राहून बघत होती. "दोन हात आणि पाच डोकी," ती म्हणाली. "उलटं असतं तर घरात काही उपयोग तरी झाला असता."

पुढे टोळीचं नाव झालं, आत यायला रांग लागली, आणि नेमका तेव्हाच टोळीतला एक बसचालक दोन खाती चालवताना सापडला. लेक भडकली. "एका माणसाची एक जागा. बाहेर लोक नंबर लावून बसलेत आणि हा एकटा दोन वाटे घेतो?" तिने मतदान घेतलं. काकांनी प्रामाणिकपणावर लांबलचक भाषण लिहिलं, त्यात बरोबरी झाली तर कुणाला काढू नये असा उदार नियमही सुचवला, आणि तो मंजूर झाला. बसचालक बहुमताने गेला, त्याच्या दोन जागा रांगेतल्या दोघांना मिळाल्या. त्या बहुमतातली पाच मतं एकाच खुर्चीत बसली होती. त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी व्यवस्थित गेलं, हे जास्त लाजिरवाणं.

खरं तर तेव्हाच चौघांना गुपचूप घरी पाठवता आलं असतं. बाहेर अजून एक नर्सबाई जागेसाठी थांबली होती. ती दर रविवारी विचारायची आणि दर रविवारी 'पुढच्या वेळी' ऐकायची. पण नेमकं त्याच सुमारास लेकीने एकट्या माईला लिहिलं, "माई, माझी नोकरी गेली. महिना झाला. बाबांना मुळीच सांगू नका, ते जबडे तसेच टाकून पहिल्या गाडीत बसतील."

काकांनी ते वाचलं आणि खरोखरच कपाटावरची पिशवी काढली. मग लक्षात आलं, की हे आपल्याला माहीतच नाही. माहीत आहे ते माईला. माईने लिहिलं, "घाबरू नकोस गं," आणि काकांनी पिशवी परत वर ठेवली. आता माईला घालवायचं तरी कसं? ती गेली तर पोर सांगणार कुणाला?

काकांच्या कळफलकावरची अक्षरं प्लास्टरच्या भुकटीने केव्हाच बुजली होती. म्हणून प्रोग्रॅम बंद करायच्या कळीवर त्यांनी गुलाबी मेणाचा ठिपका लावून ठेवला होता. तो बोटाला लागला की कळ कळायची. एका शनिवारी एका कवळीच्या हिरडीला चिमूटभर मेण कमी पडलं. नवी पट्टी आणायचा काकांनी कंटाळा केला, कळीवरचा ठिपका खरवडला आणि हिरडीला लावला. कवळी झकास झाली.

रविवारी राक्षस पडला तरी लेक काही बोलली नाही. काकांनी बोटाने चाचपत कळ दाबली. ती भलतीच होती. प्रोग्रॅम चालूच राहिला, आणि आठवडाभर पोटात साठलेलं काकांनी लिहून टाकलं.

"बाळा, जेवलीस का?" काकांनी विचारलं.

"बाळा, जेवलीस का?" वर्षभर 'हं'च्या पुढे न गेलेल्या धनुर्धारीने विचारलं. भालेवाल्याने चक्क पूर्ण वाक्यात विचारलं. ढालवाल्याने न हसता विचारलं. आणि शेवटच्या ओळीत माईने विचारलं, 'गं' न लावता.

काकांची दातखिळी बसली. मग लेकीची ओळ उमटली, "नर्सबाई तीन महिने बाहेर बसल्यात." आणि तिच्याखाली, "मतदान घेऊ. या पाच जणांनी राहावं की जावं?"

तिने 'जावं' लिहिलं. बाकीच्या चौघांनीही लिहिलं. पाच मतं झाली. उरलेली पाच काकांच्या बोटाखाली होती. बरोबरी झाली असती, आणि नियम त्यांचाच होता. काकांनी प्रोग्रॅम तसाच चालू ठेवला आणि लिहिलं, "जावं." ते पाचदा उमटलं. मग त्यांनी एकेक खिडकी बंद केली. माईची सगळ्यात शेवटी.

दहा मिनिटांनी फोन वाजला.

"नर्सबाईंना घेतलं," लेक म्हणाली.

"बरं झालं."

"मी माईंना सांगितलं होतं, तुम्हाला नाही." तिने आवाज चढवला. "तुम्हाला माझं सगळं कळत होतं आणि मला तुमचं काहीच नाही. खेळातल्या लबाडीपेक्षा हे वाईट आहे, बाबा."

माई असती तर तिला काहीतरी सुचलं असतं. "चुकलं माझं," काका म्हणाले.

"मग तुमचं एक सांगा. मला माहीत नसलेलं."

काकांनी समोरच्या प्लास्टरच्या जबड्यांकडे पाहिलं. "मला तो खेळ अजिबात आवडत नाही," ते म्हणाले. "कधीच आवडला नाही. राक्षस आला की मी डोळे मिटतो."

"पाचही जण?"

"पाचही."

ती हसली की रडली, ते फोनवर कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज मात्र आला.

"नाही जेवले," ती म्हणाली. "काल दुपारपासून."

"मी येऊ?"

"या. आईला आणा. बाकीच्या चौघांना नको."

काकांनी फोन तसाच कानाशी धरून दुसऱ्या हाताने पिशवी काढली.