भरती नसलेली नदी

दाभोळच्या खाडीकाठचा वेल्डर भिकाजी 'हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट' म्हणत म्हणत आखातातल्या मीना अल-अहमदीत म्हातारा झाला, पण नाक कायम वर. परवा जेवणाच्या सुट्टीत साइटवरच्या स्वीडिश इंजिनिअरने मोबाइलवर आपल्या गावची क्लाराल्वेन नदी दाखवली. भिकाजीने पहिलंच विचारलं, "भरतीचं पाणी कुठवर चढतं?"

भरती येतच नाही, नदी तळ्यात जाऊन पडते, असं त्याच्या रूमवरच्या रूपेशने इंजिनिअरला विचारून सांगितलं.

"शी! खाडी नाही ती कसली नदी? आमचा ओढ्याएवढा व्हाळसुद्धा मानाने समुद्राला मिळतो."

"दादा, ती स्वीडनात उगम पावते, नॉर्वेत जाते, तिथे नाव बदलते आणि पुन्हा स्वीडनात येते."

"परत यायचं होतं तर तडमडायला गेली कशाला?"

रूपेशने डबा बंद केला. "ती परत तरी आली, दादा."