रस्त्याखालचं गोणपाट

धान्याच्या कणगीला भेग पडली की आधी तिच्यावर चिंधी चिकटवायची आणि मग वरून सारवायचं, नाहीतर भेग पुन्हा वर येते, हे कवठे महांकाळच्या बनुबाईला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यामुळं सेहेचाळीस साली मिरजेच्या रस्त्यावर ती मजुरी करत असताना, जुन्या भेगांवर गोणपाट अंथरून मग नवं डांबर टाकायचा हुकूम आला, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. मुकादम लालासाहेब मात्र खो खो हसला. “रस्त्याला लुगडं नेसवायचं व्हय?” त्यानं पंधरा हातच गोणपाट अंथरू दिलं आणि उरलेले गठ्ठे गाडीत घालून घरी नेले.

उन्हाळ्यात रस्तेखात्याचा साहेब पाहणीला आला. तेवढे पंधरा हात सोडून सगळा रस्ता तडकला होता. मुकादमाच्या दारातल्या मांडवात बसून साहेबानं खापर मजूर बायांच्या डोक्यावर फोडलं. “हातात जीव नाही तुमच्या! उद्यापासून येऊ नका.”

बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आवं सायेब, मग त्यो पंधरा हात रस्ता कुनी केला? आमीच! तिथं खाली गोणपाट हाय, बाकी कुठंबी न्हाई.”

“मग बाकीचं गेलं कुठं?”

बनुबाईनं मांडवाकडं बोट केलं. “त्याच्याच सावलीत बसलाय तुमी.”