एका बैठकीत संपवलं

माझी मैत्रीण मालती हिची पहिली कादंबरी आली आणि माझ्या मोबाईलवर पुस्तकापेक्षा चेहरेच जास्त दिसू लागले. कुणी पुस्तक गालाला लावून उभं, कुणी ते कॉफीच्या कपाशेजारी तिरकं ठेवलेलं. खाली ठरलेले शब्द: अप्रतिम, अंतर्मुख करणारं, एका बैठकीत संपवलं.

मी वाचायला घेतली तेव्हा ऐन मध्यावर, नायिका आजारी आईला भेटायला निघते तिथे, ओळीने सोळा पानं कोरी निघाली. मी तशीच मालतीकडे गेले.

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "सगळ्याच प्रतींत तसं झालंय. प्रकाशकांना फोन केला, तर म्हणाले, कुणाची तक्रार आलीय का? मग कशाला बोभाटा? फेसबुकवर तर छान चाललंय."

म्हणजे एका बैठकीत संपवणाऱ्यांनी ती कोरी पानंही संपवली होती! या लोकांना पुस्तक नको असतं, पुस्तकाशेजारी आपलं थोबाड हवं असतं. नुसतं मुखपृष्ठ छापून विकलं तरी यांचं काही अडणार नाही. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मालतीसमोर गिळली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणी अनोळखी बाई तावातावाने बोलत होत्या. मलाही ऐकू येत होतं.

"अहो, हा काय प्रकार आहे? भेटली की नाही ती आईला?"

"थांबा हं, वाचून दाखवते," म्हणत मालतीने हस्तलिखित काढलं आणि खुर्चीत सरसावून बसली. इतक्या आनंदात मी तिला प्रकाशन समारंभातही पाहिलं नव्हतं.